थोमाच्या खात्यातले शिरसाटकाका

माझ्या भाडेकरारात एक कलम आहे. करार इंग्रजीत असला तरी त्या कलमाचा मराठी अर्थ असा: "घरमालकाचे अकस्मात स्वर्गारोहण झाल्यास त्या महिन्यापासूनचे भाडे त्यांच्या पत्नीस द्यावे." असे कलम बंगळुरूतल्या, किंबहुना पृथ्वीवरच्या, दुसऱ्या कोणत्याही भाडेकरारात असेल असे मला वाटत नाही.

हे कलम घालून घेण्यासाठी घरमालक शिरसाटकाका आणि मी बसवनगुडीतल्या एका टायपिंगच्या दुकानात बराच वेळ घालवला. टायपिस्टने वाक्य दोनदा ऐकून घेतले आणि अत्यंत नम्रपणे विचारले, "सार, डेथ अल्वा?" मरणच ना साहेब?

"अल्लप्पा, डेथ अल्ला!" शिरसाटकाका कळवळून म्हणाले. नाही रे बाबा, मरण नाही. मग आपल्या नगरी वळणाच्या कानडीत त्यांनी त्याला सगळे समजावून सांगितले. प्रभू येशू ढगांवरून येईल, तुतारी वाजेल आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारी माणसे जिथे असतील तिथून, जिवंतपणी, वर उचलली जातील. कपड्यांसह की कपड्यांविना, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. पण जिवंतपणी, याबद्दल नाहीत. टायपिस्टने शहाण्या माणसासारखी मान डोलावली. पैसे देणारे गिऱ्हाईक कोणत्या मार्गाने जाणार आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. फक्त टाइप करता करता त्याने विचारले, "मत्ते अम्मा?" आणि अम्मांचे काय?

काकांनी चष्मा काढून पुसला. "अम्मा इल्ले इर्तारे," ते म्हणाले. अम्मा इथेच राहतील.

त्या वेळी मला हे सर्व अतिशय विनोदी वाटले होते.

सुधाकर शिरसाट हे मूळचे नगरकडचे मराठी ख्रिस्ती. सार्वजनिक क्षेत्रातल्या एका विमान कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी इन्स्पेक्शन खात्यात केली. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेला भाग मोजायचा, आणि केसाच्या जाडीइतका फरक आढळला तरी लाल शाईचा शिक्का मारून परत पाठवायचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या गच्चीवर एक खोली बांधली आणि ती भाड्याने देण्यासाठी 'मराठी आणि अभ्यासू' माणूस शोधू लागले. मी पुण्याहून पीएच.डी.साठी आले होते आणि दोन्ही अटींत बसत होते.

"विषय काय तुझा?" त्यांनी पहिल्याच भेटीत विचारले.

"पेशींचा मृत्यू. पेशी कशा मरतात, ते."

"मग लाजराचं सांग." ते खुर्चीत पुढे सरकले. "मेल्यावर चार दिवस कबरेत होता. प्रभूनं हाक मारली आणि चालत बाहेर आला. चौथ्या दिवशी पेशीची कंडिशन काय असते?"

"काका, चौथ्या दिवशी कंडिशन राहतच नाही. मेंदूचं तर काही मिनिटांतच आटोपतं. चार दिवसांनी जे असतं त्याला आम्ही पेशी म्हणत नाही."

ते रागावतील अशी माझी अपेक्षा होती. ते आनंदाने उभेच राहिले. "करुणा, ऐकलंस? एक्स्पर्ट सांगतायत! काही म्हणजे काही उरत नाही! म्हणजे चमत्कार केवढा मोठा, बघ!"

आतून बांगड्यांचा आणि भांड्यांचा आवाज आला. "तिला खोली आवडली का ते विचारा आधी," काकू म्हणाल्या. "लाजर कुठं जात नाही."

या घरात पुरावा उलट्या दिशेने वाहतो, एवढे मला त्या दिवशी समजले. जे अशक्य सिद्ध होईल ते तेवढेच अधिक सत्य. अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही, असे मी ठरवले आणि पुढची चार वर्षे सातत्याने वाद घातला.

काकांच्या प्रत्येक वाक्याला एक शेपूट असे: "प्रभू आधी आला नाही तर." उद्या टाकी धुऊ, प्रभू आधी आला नाही तर. संध्याकाळी चहाबरोबर खायला निप्पट्टू आणतो, प्रभू आधी आला नाही तर. फ्रिज घ्यायला गेले तेव्हा विक्रेत्याने जास्तीची तीन वर्षांची वॉरंटी घेण्याचा आग्रह धरला. काकांनी त्याच्याकडे ज्या करुणेने पाहिले, ती मी विसरू शकत नाही. "तीन वर्षं?" ते म्हणाले. "तुझं तरी काय ठरलंय?" त्या मुलाने बहुधा ती धमकी समजली; त्याने दोन हजार रुपये कमी केले.

व्हाइटफील्डपर्यंत मेट्रो जाण्याच्या आत प्रभू येईल, असे ते कित्येक वर्षे छातीठोकपणे सांगत. याला शास्त्राचा आधार नव्हता. बंगळुरूच्या रस्त्यांचा होता. पण मेट्रो झाली. काकूंनी स्वतः टोकन काढून त्यांना शेवटच्या स्टेशनपर्यंत नेले, खिडकीशी बसवले आणि म्हणाल्या, "बघा हो नीट. कोण आधी आलं?"

काका खाली तुंबलेल्या गाड्यांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "डेव्हिएशन आहे. पण परमिटेड."

आता काकूंबद्दल सांगितले पाहिजे, कारण काकूंशिवाय काकांचे मोजमाप पूर्ण होत नाही. करुणाकाकू बेळगावकडच्या. वडील पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. आयुष्यभर त्यांनी एका कानडी शाळेत गणित शिकवले. बायबल त्यांना काकांपेक्षा चांगले पाठ होते. काका भोजनापूर्वी एखादे वचन म्हणू लागले आणि अडखळले, तर त्या आमटी वाढता वाढता पुढचे शब्द पुरवत आणि अध्याय चुकला असेल तर तोही दुरुस्त करत. आणि त्या पूर्ण नास्तिक होत्या.

"अगं, हॉटेलच्या मुदपाकखान्यात वाढलेलं पोर त्या हॉटेलात जेवतं काय?" त्यांनी मला एकदा सांगितले. "शनिवारी रात्री अप्पा प्रवचन लिहायचे. कुठं आवाज चढवायचा, कुठं रडायचं, तिथं पेन्सिलीनं खूण करायचे. मी शेजारी बसून पाढे लिहायची. चांगले होते गं अप्पा. पण मला खुणा दिसल्या, काय करू? एकदा दिसलं की दिसलंच की."

त्या दर महिन्याला मराठी उपासनेला मात्र जात. शहरातल्या एका कानडी चर्चच्या मागचे सभागृह महिन्यातून एका रविवारी दुपारी मराठी मंडळीला मिळते. कारखान्यांतून निवृत्त झालेले काही लोक, त्यांच्या बायका, आणि मुले अमेरिकेत असल्याच्या बातम्या, एवढीच आता ती मंडळी. काकू तिथे पेटी वाजवत. "विश्वास नाही, पण सूर आहे," त्या म्हणत. "उलटं असलेले लय आहेत तिथं."

मी काकांना आंधळा भाविक समजत होते. तो समज होसकोट्याला दुरुस्त झाला.

होसकोट्याजवळच्या एका मैदानावर कोणी प्रवासी प्रचारक आला होता. तो आखूड पाय लांब करतो, अशी जाहिरात होती. काकांनी मला बरोबर चलण्याचा आग्रह केला. मी वैज्ञानिक कुतूहल म्हणून गेले. ते मात्र शर्टाच्या खिशात कारखान्यातली जुनी स्टीलची टेप घेऊन आले होते.

व्यासपीठावर एका माणसाला खुर्चीत बसवून त्याचे पाय समोर धरण्यात आले. एक पाय खरोखरच आखूड दिसत होता. प्रचारकाने डोळे मिटले, आवाज चढवला, आणि हजारो लोकांच्या देखत पाय लांब झाला. टाळ्या, अश्रू, हालेलुया. त्या गजरात एक खणखणीत मराठी आवाज उठला: "रीडिंग! आधीचं रीडिंग कुठाय?"

शिरसाटकाका टेप उघडत व्यासपीठाकडे निघाले होते. "आधी मोजलं नाही तर वाढलं कसं म्हणता? कमरेपासून घ्या! खुर्चीत तो तिरका बसलाय! मोजायची सुरुवात कुठून? डेटम कुठं धरलाय तुम्ही?" त्यांनी हे मराठीत, मग हिंदीत, मग कानडीत विचारले. स्वयंसेवकांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरले आणि प्रभूच्या नावाने फाटकाबाहेर काढले. टेप हातातच लांब उघडी राहिली होती. एक पोलीस तिच्यात अडकून पडता पडता वाचला.

परतीच्या बसमध्ये मला अक्षरशः भरून आले होते. मला वाटले, हा तर आपला माणूस! "काका," मी म्हणाले, "मग पाच भाकरींत पाच हजार माणसं जेवली, त्यावर कसा विश्वास ठेवता?"

"तिथं इन्स्पेक्शन झालं होतं," ते शांतपणे म्हणाले. "उरलेले तुकडे गोळा केले, बारा टोपल्या भरल्या. मोजल्या म्हणून आकडा आहे ना? लाजराच्या कबरेवरची धोंड काढायला सांगितली तर बहीण म्हणते, आता वास येत असेल. म्हणजे आधीचं रीडिंग आहे. आणि थोमा! सगळे म्हणाले, प्रभू उठला. हा म्हणाला, जखमेत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. लोक त्याला संशयी म्हणून नावं ठेवतात. अगं, तो आमच्या खात्यातला! प्रभू रागावला नाही त्याला. म्हणाला, ये, तपास."

"पण हे ज्यांनी लिहिलं त्यांना कोणी तपासलं?"

काकांनी टेप गुंडाळून खिशात ठेवली. "तिथं मी सही करून टाकली आहे, डॉक्टर," ते म्हणाले. "एकदाच. बाकी कुठं करत नाही."

अंतकाळाबद्दलचे त्यांचे मत मात्र कोणत्याही टेपने मोजता येणारे नव्हते. विश्वासणारे वर उचलले गेले की मागे राहिलेल्यांवर सात वर्षे महासंकट येणार: दुष्काळ, भूकंप, श्वापदाचे राज्य. मी त्यांना म्हटले, खोटे ठरू शकेल असे काहीतरी सांगा; एखादी तारीख द्या. त्यावर ते हसून म्हणाले, तो दिवस कोणालाच ठाऊक नाही असे शास्त्रातच आहे. "म्हणजे हे भाकीत कधीच चुकणार नाही," मी म्हणाले. "डिझाइन उत्तम आहे, नाही?" ते म्हणाले.

पण त्या डिझाइनमध्ये काकूंना जागा नव्हती. आणि काकांनी ते जाणून, पाना-पकडीने सज्ज होऊन, उपाय सुरू केला होता.

दर शनिवारी सकाळी काका काकूंना एक धडा देत. इन्व्हर्टरमध्ये पाणी कसे घालायचे. गॅसचा रेग्युलेटर कसा बदलायचा, साबणाचे पाणी लावून गळती कशी पाहायची. बोअरवेलची मोटर अडकली तर कोणता स्विच आधी बंद करायचा. साठी उलटल्यावर त्यांना मोटार शिकायला लावली. पहाटे मोकळ्या रस्त्यावर काकू स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून बसत आणि काका शेजारून ओरडत, "क्लच, करुणा, क्लच!" काकू म्हणत, "ओरडू नका. महासंकटात तुम्ही नसणार शेजारी. मला शांतपणे चालवता येईल."

मी गंमत म्हणून विचारले, हे सगळे कशासाठी? काकूंनी मूग निवडता निवडता सांगितले, "ह्यांच्या हिशेबानं हे जाणार, मी राहणार. सात वर्षं. आकाशातून आग पडली तरी चालेल म्हणतात, पण हिला गॅस लावता आला पाहिजे." त्या हसत होत्या. मग हसणे थांबवून म्हणाल्या, "लय भितात गं ते. मी एकटी राहीन म्हणून भितात. त्यांना स्वर्गात सुद्धा झोप लागायची नाही."

तेव्हा मला त्या शनिवारच्या धड्यांकडे पाहणे कठीण झाले. हा मनुष्य दर आठवड्याला एकदा आपल्या बायकोला मनातल्या मनात एकटी करून पाहत होता आणि मग मोटरचा स्विच दाखवत होता. मला प्रश्न मांडून सोडवण्याची सवय आहे. मी हाही मांडला. एक तर काकांनी विश्वास सोडावा, किंवा काकूंनी धरावा. तिसरी वाट दिसत नव्हती. पहिली शक्यता मी चार वर्षे तपासून बंद केली होती. म्हणून मी काकूंना म्हणाले, "तुम्ही नुसतं म्हणून टाका ना. मानते म्हणा. त्यांच्या समाधानासाठी."

"खोटं?" काकूंनी मुगातला खडा उचलून बाजूला ठेवला. "त्यांना कळेल. जन्मभर तेच काम केलंय त्यांनी."

काकांनाही मी विचारले, तुम्ही त्यांना पटवत का नाही? "लग्नापासून प्रार्थना करतो," ते म्हणाले. "पण जोर नाही केला कधी. ठोकून बसवलेला पार्ट पुढं निसटतो, डॉक्टर. विमान हवेत असताना. माणसं मरतात."

गेल्या वर्षी गणपती होऊन गेल्यावर काकूंचे पोट दुखू लागले. आधी सोडा, मग ओवा, मग स्कॅन. तपासणीचा अहवाल त्यांनी काकांच्या आधी मला दाखवला. "तुझा विषय आहे," त्या म्हणाल्या. "सांग सरळ."

स्वादुपिंडाचा कर्करोग होता आणि पसरलेला होता. मी सरळ सांगितले, कारण दुसऱ्या रीतीने सांगण्याचे शिक्षण मला मिळालेले नाही. "काकू, या पेशी मरायचं विसरल्या आहेत."

"सरी, बरं," काकू म्हणाल्या. "म्हणजे ते काम माझ्यावर आलं."

शनिवारचे धडे बंद पडले. जिच्यासाठी ते होते तिला आता त्यांची गरज राहणार नव्हती. कोणीतरी होसकोट्याच्या त्या प्रचारकाचे नाव पुन्हा सुचवले. काकांनी हात जोडून नको म्हटले. ते स्वतः गच्चीवर येऊन, पाण्याच्या टाकीला टेकून प्रार्थना करत. मी दार लावून घेत असे, तरी ऐकू येई. ती बरी होवो असे ते मागत नव्हते. तिला एकदा दिसू दे, असे मागत होते.

एकदा मी खाली औषध द्यायला गेले आणि दारातच थांबले. काका पलंगाशी स्टुलावर बसले होते.

"करुणा," ते म्हणाले. "एकदा..."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात एवढी माया होती की मला तिथून निघून जावेसे वाटले.

"अहो, खोटं सांगू?"

काकांनी स्टूल पलंगाच्या आणखी जवळ ओढले. "नको," ते म्हणाले.

शेवटच्या दिवशी दुपारी हॉस्पिटलात पाळकसाहेब आले. वयाने माझ्याहून थोडे मोठे, मनाने अत्यंत सरळ गृहस्थ. काकूंची शुद्ध जात-येत होती. पाळकसाहेबांनी त्यांच्या कानाशी वाकून विचारले, "बाई, प्रभूला स्वीकारता ना?" नेमक्या त्याच वेळी नर्सने पलंगाची डोक्याकडची बाजू वर उचलण्यासाठी दांडा फिरवला. काकूंचे डोके उशीवरून किंचित पुढे आले आणि हनुवटी खाली गेली. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. मी पलंगाच्या एका बाजूला होते, काका दुसऱ्या बाजूला. आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही. संध्याकाळी काकू गेल्या.

दफनापूर्वीची उपासना कानडी चर्चच्या त्याच मागच्या सभागृहात झाली. काकूंची वाजवायची पेटी बंद होती. मराठी मंडळीत अशा वेळी मृताबद्दल साक्ष देण्याची रीत आहे: कोणीतरी उठून त्या माणसाच्या विश्वासाबद्दल दोन शब्द सांगायचे. काकूंबद्दल काय सांगायचे, या विवंचनेत सगळे खाली पाहत होते. तेव्हा पाळकसाहेब उठले आणि म्हणाले की करुणाबाईंनी अखेरच्या क्षणी, बोलता येत नसताना, मान हलवून प्रभूचा स्वीकार केला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

सभागृहातून एक मोठा निःश्वास उमटला. बायका रडू लागल्या. शेजारच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी काकांचा हात दाबला. मला स्वतःला सांगता येणार नाही असे हलके वाटले. तो दांडा मी पाहिला होता. तरी मला वाटले, असू दे. एकदा, फक्त एकदा, एक चुकीचे रीडिंग राहू दे.

काका उभे राहिले.

"पाळकसाहेब," ते म्हणाले, "तिनं मान हलवली नाही."

"काका, मी स्वतः..."

"पलंग वर घेतला होता. नर्स दांडा फिरवत होती. डोकं पुढं आलं. मान तिनं नाही हलवली." त्यांचा आवाज अगदी साधा होता, कामाचा. "तुम्ही चांगल्या मनानं सांगताय. पण मी तिथं होतो."

"प्रभू अंतःकरण पाहतो, काका," पाळकसाहेब हळूच म्हणाले.

"तो पाहील. मी जे पाहिलं नाही त्यावर मी सही करणार नाही." मग शवपेटीकडे न पाहता म्हणाले, "तिलाही चाललं नसतं," आणि खाली बसले.

पुढचे गीत सुरू व्हायला फार वेळ लागला. सूर द्यायला कोणी नव्हते.

त्यानंतर मंडळीतले लोक काकांशी जपून वागू लागले, जसे आपण एखाद्या रोग्याशी वागतो. त्यांच्या लेखी काकांनी आपल्या हाताने बायकोला स्वर्गाच्या दारातून परत आणले होते. काकांच्याही लेखी ते तसेच होते, हे फक्त मला ठाऊक होते. ज्या शास्त्रावर त्यांनी आयुष्यात एकदाच सही केली, त्या शास्त्रानुसार आता काकू कुठे असतील, हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती.

एका रविवारी दुपारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. काका वर आले. आल्यावर कठड्याला टेकून श्वास जुळेपर्यंत उभे राहिले. बसवनगुडीतली सगळी गच्च्यांवरची वस्ती उन्हात पडून होती. कोणाकडे तरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

"डॉक्टर," ते म्हणाले, "तुझ्या शास्त्राप्रमाणे ती आत्ता कुठं आहे?"

मी हातातला टॉवेल पिळत राहिले. चार वर्षांत त्यांनी मला हे विचारले नव्हते. लाजराचे विचारले होते, मेल्यावर उठवलेल्या याईराच्या मुलीचे विचारले होते. पण ते सगळे मला हरवण्यासाठी.

"कुठंच नाही, काका."

"कुठंच नाही म्हणजे? अंधारात?"

"अंधार दिसायलाही कोणीतरी असावं लागतं."

"म्हणजे एकटी नाही."

"नाही."

"घाबरलेली?"

"नाही, काका."

"आग..." ते थांबले. "आगबीग काही नाही."

"काहीच नाही. झोपेतसुद्धा स्वप्न असतं. तेवढंही नाही."

"वाट बघत असेल का?"

"नाही," मी म्हणाले. "वाट बघायला कोणी नाही तिथं."

खाली रस्त्यावर एक पालेभाजीवाला 'सोप्पू, सोप्पू' ओरडत गेला.

"हे तपासलंय तुम्ही लोकांनी?"

या एका प्रश्नापुरते खोटे बोलावे, असे मला वाटले. पण सभागृहात उभ्या राहिलेल्या माणसासमोर ते शक्य नव्हते. "नाही," मी म्हणाले. "तपासता येत नाही. कोणालाच येणार नाही."

"म्हणजे तुझाही विश्वासच."

दुसऱ्या कोणत्याही दिवशी या वाक्यावर मी त्यांच्याशी तासभर भांडले असते. "हो," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. मग चष्मा काढून खिशात ठेवला, डोळे मिटले, दोन्ही हात एकमेकांत गुंतवले आणि भर उन्हात, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मधे उभे राहून मोठ्याने म्हणाले, "हे प्रभू, तुझ्या दयेनं या पोरीचं खरं निघू दे."

आणि थांबले. त्यांच्यात एकाने प्रार्थना केली की दुसऱ्याने तिला दुजोरा द्यायचा असतो; तोवर प्रार्थना करणारा डोळे उघडत नाही. इतकी वर्षे तो दुजोरा स्वयंपाकघरातून, विश्वास नसताना, रीत म्हणून येत असे. आता गच्चीवर आम्ही दोघेच होतो आणि ते डोळे मिटून उभे होते.

मी 'आमेन' म्हणाले.